काथ्याकूट, पण कामाची



एखादी चर्चा विनाकारण लांबली की आपण म्हणतो, 'पुरे झाली ही काथ्याकूट.' नारळाचे सोडण कुटून कुटून त्यातून काथ्या काढायचा हे काम किती वेळखाऊ असेल, ते या एका शब्दावरून कळते. पण ज्या कामाच्या नावाने आपण टिंगल करतो, त्याच कामावर केरळच्या किनाऱ्यावरची हजारो घरे पिढ्यान्‌पिढ्या जगली आहेत. आणि त्या कामातून जो भुसा खाली पडतो, त्याच भुशात आज आपल्या कारखान्याच्या रोपवाटिकेतली उसाची रोपे वाढत आहेत.

गट कचेरीत दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतोच, "साहेब, ट्रेमध्ये आपली काळीभोर माती सोडून हा नारळाचा भुसा विकत कशाला आणता?" दुसरा प्रश्न, "उरलेला भुसा रानात टाकला तर चालंल का?" तिसरा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण मनात असतो, आणि तो म्हणजे दोन वर्षांपूर्वी रोपे का जळाली. तिन्ही प्रश्नांची उत्तरे सोडणातच आहेत, म्हणून आधी सोडणाकडे वळतो.

सोडणात असते काय?

पुऱ्या वाढलेल्या नारळाच्या वजनातला साधारण तिसरा हिस्सा सोडणाचा असतो. सोडण फोडले की दोन वस्तू निघतात. एक लांब धागा, म्हणजे काथ्या. दुसरा त्या धाग्यांना चिकटून बसलेला तपकिरी, बुचासारखा हलका भुसा. इंग्रजीतले नाव 'कॉयर पिथ', बाजारातले नाव 'कोकोपीट'. हजार सोडणांमागे ऐंशी-नव्वद किलो काथ्या मिळतो आणि भुसा त्याच्या दुपटीने पडतो. म्हणजे काथ्याचा कारखाना म्हणायचा, पण माल कमी आणि कचरा जास्त. आपल्या गव्हाणीत टाकलेल्या उसातून साखर किती आणि चिपाड, मळी किती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या हिशेबाचे आश्चर्य वाटणार नाही.

काथ्याचा गुण म्हणजे तो लवकर कुजत नाही. त्यात लिग्निन नावाचा कठीण पदार्थ सुमारे ४५ टक्के असतो. लाकूड ज्याच्यामुळे कडक होते तोच हा पदार्थ. कापसात तो जवळजवळ नसतोच. म्हणून सुती दोर पाण्यात सडतो आणि काथ्याचा सुंभ खाऱ्या पाण्यात टिकतो. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याने लिहून ठेवले आहे की या समुद्रावरच्या जहाजांच्या फळ्या खिळे न मारता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. 'कॉयर' हा इंग्रजी शब्दही मल्याळी 'कयर' म्हणजे दोर यावरूनच गेला आहे.

सुंभापासून रस्त्यापर्यंत

मी अभ्यासदौऱ्यात अलेप्पी, म्हणजे आताचे आलप्पुळा, या भागात गेलो होतो. तिथल्या जुन्या पद्धतीत हिरव्या नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात सहा ते दहा महिने बुडवून ठेवतात. पाणी काळे पडते आणि कुजक्या अंड्यासारखा वास मारते. त्या पाण्यात मासळी टिकत नाही, ही तिथल्या कोळ्यांची जुनी तक्रार. मग ती सोडणे बाहेर काढून लाकडी मोगरीने कुटायची. हे काम बायकांचे. पुढे रहाट. एकीने चाक फिरवायचे आणि दोघींनी कमरेला काथ्या बांधून मागे मागे चालत सूत काढायचे. दिवसभरात किती मैल चालणे होत असेल ते मोजायला कोणी बसले नव्हते. आपल्या तोडणीवाल्या बायका आठवल्या.

या भुसभुशीत मालावर १८५९ साली जेम्स डॅराघ या आयरिश वंशाच्या अमेरिकन गृहस्थाने अलेप्पीत पायपुसणी आणि चटया विणण्याचा कारखाना काढला. भारतातला तो पहिला. स्वातंत्र्यानंतर १९५३ च्या कायद्याने काथ्या मंडळ, म्हणजे कॉयर बोर्ड, आले आणि अलेप्पीजवळ कलवूर येथे त्याची संशोधन संस्था झाली. तिथेही सूत काढणाऱ्यांच्या सहकारी सोसायट्या आहेत. अध्यक्ष, संचालक, वार्षिक सभा, सभेतली भांडणे, सगळे आपल्यासारखेच.

आता बरेचसे काम यंत्रावर होते. सुकलेल्या सोडणातून यंत्राने निघतो तो तपकिरी काथ्या. तो पिळून ठेवला की त्याला कुरळेपणा येतो. त्यावर रबराचा चीक फवारून साच्यात तापवला की गादी तयार होते. एसटीच्या आणि मोटारीच्या सीटमध्ये अशी गादी पुष्कळ वर्षे वापरली गेली. कुंचे, झाडू, ब्रश तर आहेतच. सोडणातले लिग्निन उष्णता आणि दाबाखाली स्वतःच डिंकासारखे धरते, त्यामुळे त्याचे तक्तेही करता येतात. (नारळापासून पाणी गाळण्याचा कोळसा होतो, तो सोडणाचा नव्हे, करवंटीचा. हे दोन्ही लोक नेहमी एकत्र करतात.)

शेतकऱ्याच्या दृष्टीने मला सगळ्यात उपयोगी वाटले ते काथ्याचे जाळे. 'भूवस्त्र' असे त्याला म्हणतात. कालव्याच्या किंवा शेततळ्याच्या ताज्या भरावावर ते अंथरायचे आणि खालून-मधून गवत लावायचे. पहिल्या पावसात माती वाहत नाही, दोन-तीन वर्षांत गवताची मुळे पकड घेतात आणि तोवर जाळे कुजून मातीत मिळते. प्लॅस्टिकसारखे मागे उरत नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत २०२० साली सात राज्यांत मिळून १६७४ किलोमीटर रस्त्यांत हे जाळे वापरण्याचे केंद्र सरकारने जाहीर केले होते. त्यातले ३२८ किलोमीटर महाराष्ट्राच्या वाट्याचे होते. ज्यांच्या शेततळ्याचा बांध दर पावसाळ्यात खचतो, त्यांनी ह्याचा जरूर विचार करावा.

भुशाचे दिवस पालटले

काथ्याला गिऱ्हाईक होते, भुशाला नव्हते. कारखान्यांच्या मागे भुशाचे डोंगर साचत. लिग्निनमुळे तो वर्षानुवर्षे कुजत नाही. पावसात त्यातून तांबूस, तुरट पाणी झिरपून विहिरीत उतरे. उन्हाळ्यात आग लागली की आतल्या आत दिवसेंदिवस धुमसत राही.

युरोपातल्या बागवानांची रोपे दलदलीतून खणून काढलेल्या पीटमध्ये वाढत. त्या दलदली संपू लागल्या, तशी १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची नजर श्रीलंका आणि भारतातल्या या डोंगरांवर गेली. भुसा स्वतःच्या वजनाच्या सातआठपट पाणी धरतो आणि तरीही त्यात हवा खेळत राहते. मुळाला पाणी आणि हवा एकाच जागी मिळणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. आपल्या काळ्या मातीत पाणी असते तेव्हा हवा नसते, आणि हवा असते तेव्हा भेगा पडलेल्या असतात. बघता बघता कचऱ्याचा माल झाला. आज तमिळनाडूत पोल्लाची भागात तो धुऊन, वाळवून, दाबून पाच किलोच्या विटा करतात. अशी एक वीट पाण्यात टाकली की फुगून साधारण सत्तर लिटर भुसा होतो. पॉलिहाऊसमधला जरबेरा, ढोबळी मिरची आणि गुलाब, कुंडीतले ऑर्किड आणि अँथुरियम, सगळी याच्यावर किंवा सोडणाच्या तुकड्यांवर जगतात.

उसाला याचा उपयोग कसा होतो ते आता सांगतो. दोन डोळ्यांची टिपरी लावायची तर एकराला दहा हजार टिपरी लागतात. दोन-अडीच टन ऊस बेण्यातच जातो. एक डोळा काढून ट्रेमध्ये रोप केले, तर पाच बाय दोन फुटांवर साधारण साडेचार हजार रोपे पुरतात, मर धरून पाच हजार. एका उसाला दहा-बारा चांगले डोळे धरले तरी चारपाचशे उसांत एकराचे बेणे भागते. बाकीचा ऊस गाळपाला जातो आणि त्याचे बिल तुमच्या खात्यावर जमा होते. पूर्वी हीच रोपे आपण मातीच्या पिशवीत करत होतो. ट्रॉलीत पिशव्या किती बसत आणि उतरवताना किती फुटत, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. ट्रेमधले रोप बोटाने खालून ढकलले की मुळांच्या जाळीसकट भुशाचा गड्डा अखंड बाहेर येतो. रोप लावल्याचे रोपाला कळतसुद्धा नाही.

आमची चूक

आता तिसरा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात पूर्वहंगामी लागणीसाठी रोपवाटिका भरायची होती. विटांपेक्षा सुटा भुसा स्वस्त मिळत होता. एका पुरवठादाराचा पोत्यांनी भरलेला ट्रक आला. माल रंगाला चांगला होता, हलका होता, चाळलेला होता. 'धुतलेला आहे ना?' असे मी विचारले, 'होय' असे उत्तर मिळाले, आणि मी पावतीवर सही केली. प्रयोगशाळा माझ्या टेबलापासून शंभर पावलांवर आहे. मूठभर भुसा तिथे पाठवायचे मला सुचले नाही.

डोळे फुटले, कोंब वर आले, आठ-दहा दिवस सगळे छान होते. बाराव्या-तेराव्या दिवशी पानांचे शेंडे करपायला लागले. आम्ही बुरशी समजलो आणि दोनदा फवारणी केली. त्यात आठवडा गेला. शेवटी एक रोप उपटून पाहिले तर मुळ्या पांढऱ्या असायच्या त्या तांबूस आणि आखूड. मग भुशाचे पाणी पिळून त्यात क्षारता मोजायचा मीटर बुडवला. आकडा ३.८ आला. दोन मिनिटांचे काम आम्ही तीन आठवड्यांनी केले.

नारळाच्या झाडाला खारे पाणी मानवते. मिठातला सोडियम, क्लोराइड आणि भरपूर पोटॅश ते सोडणात साठवते. त्यात सोडण खाडीत भिजवले असेल तर विचारायलाच नको. धुतला नाही तर हे सगळे मीठ ट्रेच्या त्या इवल्याशा कप्प्यात रोपाच्या मुळाशी बसते. क्षारपड रानात ऊस कसा दिसतो हे नदीकाठच्या सभासदांना सांगायला नको. आम्ही ते क्षारपड रान ट्रेमध्ये भरून दिले होते.

एक सभासद आक्का दुसऱ्याच दिवशी कचेरीत आल्या. म्हणाल्या, "साहेब, सऱ्या पाडून ठेवल्यात, पाण्याची पाळी शुक्रवारी हाय. रोपं कुठायत माझी?" मी म्हणालो, "आक्का, कारखाना फुकट बदलून देणार आहे." त्या म्हणाल्या, "रोपं बदलून द्याल, तारीख कुठली बदलून देणार?"

खरेच होते. ऊसतोडीचा क्रम लागणीच्या नोंदीवर ठरतो. २० ऑक्टोबरची नोंद डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यावर गेली की तोड तितकी मागे जाते. हंगामाच्या शेवटी टोळ्या गावाकडे परतू लागतात, ऊन वाढते, ऊस वजनाला उतरतो, आणि खोडव्याला पुढे पाण्याची टंचाई येते. ते नुकसान कोणत्याही बिलात दिसत नाही. रोपे कारखान्याने बदलून दिली, पण नोंदीची तारीख कोणाची बदलता आली नाही. पुरवठादाराने काय सांगितले हा प्रश्न वेगळा. पावतीवर सही माझी होती.

धुणे म्हणजे काय आणि तपासणे म्हणजे काय

तेव्हापासून रोपवाटिकेत पद्धत बदलली आहे. जे सभासद घरच्या घरी ट्रे करतात त्यांनाही ती करता येईल. भुसा टाकीत किंवा ताडपत्रीच्या खड्ड्यात चांगल्या पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी पाणी सोडून द्यायचे, पुन्हा भिजवायचा. असे दोनदा, गरज पडल्यास तीनदा. चांगले पाणी म्हणजे नदीचे किंवा कालव्याचे. खाऱ्या विहिरीच्या पाण्याने भुसा दहा वेळा धुतला तरी उपयोग नाही, उलट विहिरीतले मीठ त्यात येऊन बसते. पहिल्या धुण्याचे तांबूस पाणीही विहिरीच्या उताराला सोडू नका. सोडियम भुशाला चिकटून बसतो, नुसत्या पाण्याने तो पुरता निघत नाही. मोठ्या रोपवाटिकेने एक भिजवण कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात द्यावी. कॅल्शियम सोडियमला ढकलून त्याची जागा घेतो. प्रमाण भुशागणिक बदलते, ते प्रयोगशाळेतून विचारून घ्या.

तपासणी सोपी आहे. एक भांडे भुसा, दीड भांडे पाणी, अर्धा तास ठेवून गाळायचे आणि मीटर बुडवायचा. पाण्याचा स्वतःचा आकडा आधी घेऊन ठेवा. भुशामुळे त्यात अर्ध्या डेसीसायमनपेक्षा जास्त वाढ झाली असेल तर पुन्हा धुवायचे. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी एका ताटलीत भुसा आणि दुसरीत नदीची वाळू घेऊन दोन्हींत मूठभर मूग टाकावेत. मुगाला मीठ अजिबात सोसत नाही. आठवडाभरात भुशातले मूग वाळूतल्या मुगासारखे उगवले आणि पाने करपली नाहीत, तर भुसा ट्रेला चालेल.

कप्पा साधारण शंभर मिलिलिटरचा धरला तर पाच हजार रोपांना पाचशे लिटर भुसा लागतो, म्हणजे सात-आठ विटा. त्यापेक्षा जास्त कोणी तुमच्या गळ्यात मारत असेल तर हिशेब मागा. ट्रे भरताना भुसा मुठीत दाबला की एक-दोन थेंबच गळावेत. धार लागली तर तो फार ओला आहे. वरून भुसा सुकल्यासारखा दिसतो आणि खाली चिंब असतो. रंग बघून पाणी देणारे लोक रोपे कुजवतात. ट्रे उचलून वजन बघायची सवय करा.

भुशात अन्न जवळजवळ नसते. डोळ्यातले साठवलेले अन्न संपले की रोप पिवळे पडायला लागते, म्हणून विद्राव्य खताचे पाणी थोडे थोडे द्यावे लागते. आम्ही दोन भाग भुसा आणि एक भाग पूर्ण कुजलेले, चाळलेले प्रेसमड कंपोस्ट असे मिश्रणही करून पाहिले. रोपे हिरवी राहिली आणि खर्च उतरला. पण पावसाळी हवेत ते मिश्रण पाणी धरून बसते, तेव्हा शेडखालीच ठेवावे. अर्धवट कुजलेले प्रेसमड मात्र ट्रेत चुकूनही घालू नका, ते तापते.

रोप लावताना भुशाचा गड्डा जमिनीत पूर्ण बुडाला पाहिजे आणि वर अर्धा इंच माती आली पाहिजे. गड्ड्याचा काठ वर उघडा राहिला की तो दिव्याच्या वातीसारखा खालचे पाणी ओढून उन्हात उडवतो. पुष्कळ ठिकाणी नांग्या पडतात त्या यामुळे, आणि बोल लागतो रोपवाटिकेला.

रानात टाकला तर?

धुतलेला असला तरी कच्चा भुसा रानात टाकू नये. कच्च्या पाचटावर युरिया टाकल्याशिवाय ते पिकाचे नत्र खाते हे आपण शिकलो आहोत. भुसा त्याच्याही पुढे आहे. त्यात कर्बाचे प्रमाण नत्राच्या शंभरपटीहून जास्त असते. कुजवायचा असेल तर तमिळनाडू कृषी विद्यापीठाची पद्धत चांगली आहे. एक टन भुशाचे शंभर शंभर किलोचे दहा थर करायचे. एका थरावर धिंगरी अळिंबीच्या बियाण्याची एक बाटली, दुसऱ्यावर एक किलो युरिया, असे आलटून पालटून टाकायचे. म्हणजे टनाला पाच बाटल्या आणि पाच किलो युरिया लागतो. ढीग सावलीत आणि ओला ठेवायचा. महिन्याभरात भुसा काळा पडतो आणि ते प्रमाण ११२ वरून २४ वर येते. मग तो रानात खुशाल टाका, जड काळ्या रानात तर जरूर टाका.

बांधावर चार-सहा नारळ असतील त्यांनी सोडणे बंबात घालण्याआधी थोडा विचार करावा. झाडाभोवती चर काढून सोडणे वाटीसारखी, पोकळ बाजू वर करून थराथराने पुरली तर ती पाच-सहा वर्षे पाणी धरून ठेवतात. आळ्यात नुसती पसरायची असतील तर मात्र पालथी.

कोकणातून घाटमार्गे येणाऱ्या भुशाबद्दलही काही सभासद विचारतात. भुसा हलका आणि फुगीर असतो, त्यामुळे सुटा आणला तर भाडे मालापेक्षा जड होते. दाबून विटा करणारे यंत्र खाली असेल तरच ते परवडते. माल कुठलाही असो, मीटरशिवाय आत घ्यायचा नाही, असे आता शेती खात्यात ठरले आहे.

सभासदांनी बाहेरून भुसा आणला असेल तर अर्धा किलो नमुना पिशवीत घालून, नाव आणि गट लिहून चिटबॉयकडे द्यावा. ट्रे भरायच्या आधी द्यावा, रोपे पिवळी पडल्यावर नव्हे.

यंदा आक्का रोपे न्यायला स्वतः आल्या. ट्रॉलीत मुलगा, आणि हातात मुगाची ताटली. आमच्याच ढिगातला भुसा पंधरा दिवसांपूर्वी मागून नेला होता. ताटली माझ्या टेबलावर ठेवली, मूग वीतभर आले होते. "बघितलं मी," म्हणाल्या, "भरा आता."